आधी तपासा, मग बदला
जुनी गाडी चालू का होत नाही?

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा हा मजकूर)



बाहेर बाभळीखाली एक जुनी हिरवी जीप उभी आहे. येताना तुम्ही ती पाहिली असेल. पत्र्याला ठिगळे आहेत, मागची ताडपत्री फाटली आहे. ती जीप आम्हा चार घरांची आहे. आम्ही चौघेही कोरडवाहू. पऱ्हाटी, ज्वारी, मधे तुरीच्या ओळी, एवढीच आमची शेती. एकट्याच्या ऐपतीत गाडी बसत नव्हती, म्हणून चौघांनी पैसे घालून ही डिझेल जीप जुन्यात घेतली. तिच्यावर वेचणीच्या बाया शेतात जातात, कापसाचे गाठोडे येते, सरकी-खत येते आणि वेळ आली तर दवाखान्यात माणूस जातो.

आज आम्हाला या जीपविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, कापूस-ज्वारीच्या बैठकीत हे गाडीचे पुराण कशाला? पण इथे बसलेल्यांत कोणाकडे जुनी जीप आहे, कोणाकडे जुना ट्रॅक्टर, कोणी भाच्याची जुनी मारुती वापरतो. या सगळ्यांना एक अनुभव नक्की आला असेल. चावी फिरवली आणि गाडी बोललीच नाही. मग मिस्त्री येतो, एक वस्तू बदलतो, पैसे घेतो. आठ दिवसांनी पुन्हा तेच. या रोगावर आम्ही बराच पैसा घालवला. कसा घालवला ते आधी सांगतो, म्हणजे तुमचा तरी वाचेल.

ती रात्र

पौषातली रात्र होती. आमच्यातल्या एका भागीदाराची सून दिवस भरलेली. रात्री एकच्या सुमारास कळा सुरू झाल्या. पोरीला चादरीत गुंडाळून जीपमध्ये बसवले, चावी फिरवली. ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. हेडलाइट मात्र लख्ख लागत होते. उजेडात समोरची गंजी दिसत होती, आणि गाडी हलायला तयार नाही. आत पोर विव्हळते आहे, सासू देवाचे नाव घेते आहे आणि आम्ही चार गडी चावीकडे पाहत उभे.

शेवटी आळी उठवली. वीस माणसांनी जीप चढावर लोटत नेली, उतारावर सोडली. गिअर टाकताच इंजिन लागले. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, ते फिरले की पेटते, म्हणून निभावले. दवाखान्यात पोचायला तासभर उशीर झाला. माय आणि लेकरू दोघे सुखरूप आहेत. पण त्या तासात काय होऊ शकले असते, ते इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, बॅटरी गेली. नवी बॅटरी घातली, साडेसात हजार. तीन आठवडे बरी चालली आणि पुन्हा ‘टक्’. मिस्त्री म्हणाला, सेल्फ गेला. सेल्फ खोलून बुश, कार्बन ब्रश बदलले, अडीच हजार. दहा दिवस बरी चालली, पुन्हा ‘टक्’. याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. ॲक्सिलरेटरची केबल अडकायची, तिचे प्लॅस्टिक वितळायचे. ती आम्ही दोनदा बदलली. इंजिनाच्या उष्णतेने जळत असेल असे समजलो. कापसाच्या रोपावर पाने लाल पडली तर आपण खाली वाकून मूळ उपटून पाहतो. इथे मात्र कोणीच वाकून पाहिले नाही. केबल का जळते, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही.

मग बाजाराच्या गावी एक म्हातारे इलेक्ट्रिशियन भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी ना पाना उचलला ना बॅटरीला हात लावला. त्यांनी विचारले, “भाऊ, ही ॲक्सिलरेटरची वायर किती वेळा बदलली?” आम्ही म्हटले, “दोनदा.” ते हसले. मग जंपर केबलचे एक टोक त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, दुसरे थेट इंजिनच्या लोखंडाला. म्हणाले, “मारा सेल्फ.” पहिल्या झटक्यात जीप चालू झाली.

जीपच्या पोटाखाली इंजिन आणि चेसी यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. ती गंजून तुटली होती. पाच-सात धागे तेवढे शिल्लक होते. नवी पट्टी दीडशे रुपयांची. दहा हजार गेले आणि रोग दीडशेचा निघाला.

करंट जातो तसा परत येतो

चाचांनी आम्हाला जे समजावले ते तुम्हाला सांगतो. करंट बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून निघतो, जाड केबलने सेल्फमध्ये जातो, सेल्फ फिरवतो आणि परत बॅटरीच्या निगेटिव्हकडे येतो. जाण्याच्या वाटेवर तार असते, ती आपल्याला दिसते. परतीच्या वाटेवर मात्र गाडीचे लोखंडच तारेचे काम करते. याला अर्थ म्हणतात. आमच्या जीपमध्ये बॅटरीचे निगेटिव्ह चेसीला जोडलेले आहे. इंजिन मात्र रबराच्या गुटक्यांवर बसलेले आहे आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसी यांच्यात ती पट्टी लागते.

पट्टी तुटली तर सेल्फमधला करंट परतीची दुसरी वाट शोधतो. इंजिनपासून चेसीपर्यंत आणखी कोणते लोखंड जाते? ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. शे-दोनशे अँपिअरचा करंट त्या बारीक तारेतून जायला पाहतो. तार तापते, प्लॅस्टिक वितळते. आमची जीप रोज सांगत होती की माझी परतीची वाट बंद झाली आहे.

नवी बॅटरी तीन आठवडे का चालली? अल्टरनेटर इंजिनवरच बसतो. बॅटरी चार्ज करणाऱ्या करंटलाही तीच पट्टी लागते. पट्टी खराब म्हणून चार्जिंग अपुरे. नवी बॅटरी भरलेली होती तोवर तिने जोर लावला. ती उतरली तशी पुन्हा ‘टक्’. म्हणजे मिस्त्री म्हणाला ते अगदीच खोटे नव्हते, बॅटरी खरेच उतरली होती. ती का उतरली हे त्याने पाहिले नाही आणि आम्ही विचारले नाही.

‘दिवा लागतो, म्हणजे बॅटरी ठीक’ हे खरे नाही

हा समज आपल्याकडे सगळ्यांचा आहे. हिशेब करून पाहू. जर्मनीतल्या गेऑर्ग ओम नावाच्या एका मास्तरांनी १८२७ साली एक नियम छापला. वाटेतला अडथळा आणि करंट यांचा गुणाकार केला की वाटेत किती व्होल्ट गळाले ते कळते. आता समजा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरे-हिरवे फूल साठले आहे आणि त्याने ०.०२ ओहम एवढा बारीकसा अडथळा झाला आहे. दोन हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. दहा गुणिले ०.०२, म्हणजे ०.२ व्होल्ट गळाले. दिव्याला काही फरक पडत नाही, तो लख्ख लागतो. सेल्फला मात्र २०० अँपिअर लागतात. दोनशे गुणिले ०.०२, म्हणजे ४ व्होल्ट गळाले. बारातून चार गेले, आठ उरले. आठ व्होल्टवर सेल्फ कण्हतो, इंजिन फिरत नाही. हिशेब ढोबळ आहे, पण गोष्ट खरी आहे.

कुंपणातल्या फटीतून एक शेळी निघून जाते. सगळा कळप सोडला तर तिथेच अडकतो. दिवा म्हणजे एक शेळी, सेल्फ म्हणजे कळप. एक शेळी गेली म्हणून वाट मोकळी आहे असे समजू नका.

पहिली तपासणी : कान आणि हेडलाइट

गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. हेडलाइट लावा आणि एका माणसाला दिव्यासमोर, पण बाजूला उभा करा. आता चावी फिरवा. आवाज कोणता येतो आणि दिव्याचे काय होते, या दोन गोष्टी पाहा. अर्धे निदान इथेच होते.

एक. काहीच आवाज नाही आणि दिवा आहे तसाच प्रखर. म्हणजे चावीकडून सोलेनॉइडला जाणारा हुकूमच पोचत नाही. चावीचा स्विच, त्याची बारीक तार, सोलेनॉइडवरचा ढिला लग तपासा.

दोन. एकच ‘टक्’ आणि दिवा तसाच प्रखर. सोलेनॉइड हलला, पण मोटरमधून जड करंट वाहत नाही. सोलेनॉइडच्या आतले संपर्क जळलेले असतील, कार्बन ब्रश झिजलेले असतील, किंवा आमच्यासारखी इंजिनची अर्थ पट्टी गेली असेल. बॅटरी कमजोर असती तर दिवा मंद झाला असता. त्या रात्री आमचा दिवा लख्ख होता. बॅटरी बदलण्याआधी एवढे कळले असते तर साडेसात हजार तेव्हाच वाचले असते.

तीन. ‘टक्’ आणि दिवा एकदम मंद. बॅटरी उतरली आहे, किंवा टर्मिनल खराब आहे, किंवा सेल्फ अडकून बसला आहे.

चार. कट-कट-कट-कट असा भराभर आवाज. बहुधा बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनल ढिले.

पाच. चावी फिरवताच दिवा विझला, सगळेच मेले. बॅटरीचे टर्मिनल किंवा जाड केबल जवळजवळ सुटलेली आहे.

सहा. सेल्फ घुर्र करून मोकळाच फिरतो, इंजिन फिरत नाही. विजेचा दोष नाही. बेंडिक्स फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाही.

दुसरी तपासणी : फुकटची

आता बॉनेट उघडा. बॅटरीचे दोन्ही क्लँप हाताने फिरवून पाहा. हाताने फिरला तो क्लँप ढिला. फूल साठले असेल तर क्लँप काढा. आधी निगेटिव्ह काढायचा आणि लावताना निगेटिव्ह शेवटी लावायचा. असे केले म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फूल धुवा, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पॉलिश पेपरने टर्मिनल आणि क्लँप आतून चकाकेपर्यंत घासा, आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग क्लँप, असे करू नका.

नंतर निगेटिव्ह केबल जिथे चेसीला जोडली आहे तिथला बोल्ट पाहा. गंज, रंग, चिखल असेल तर लोखंड उघडे होईपर्यंत घासा. गाडीला नवा रंग मारला आणि नंतर ती चालू होईना, असे असेल तर रंग अर्थच्या बोल्टखाली गेला आहे का ते पाहा. मग इंजिनची पट्टी पाहा. शंका आली तर चाचांनी केले तेच करा. जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. सेल्फ जोरात फिरला तर दोष अर्थचा. मग बाकी काही बदलू नका.

तिसरी तपासणी : मीटर

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गावात एक असला तरी पुरे. त्याला डीसी २० व्होल्टवर ठेवा.

गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बॅटरी मोजा. १२.६ किंवा जास्त असेल तर पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. बॅटरीत सहा घरे असतात, प्रत्येकाचे दोन व्होल्टच्या थोडे वर. मीटर साडेदहाच्या आसपास अडून बसले आणि चार्ज करूनही चढत नसेल, तर एक घर मेले आहे. ती बॅटरी खरेच बदलायची.

मग सेल्फ मारत असताना मोजा. साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी उतरली आहे किंवा थकली आहे. आधी चार्ज करून पुन्हा पाहा. गाडी चालू झाल्यावर मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान पाहिजे. १३ च्या खाली असेल तर चार्जिंग होत नाही, पट्टा ढिला आहे का ते आधी पाहा. १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, तो बॅटरीतले पाणी उकळून संपवील.

आता खरी तपासणी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावा. क्लँपला लावू नका, थेट शिशाच्या खुंटीला लावा. दुसरे टोक इंजिनच्या लोखंडाला. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरने अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवले तर परतीची वाट ठीक आहे. दोन, तीन, चार व्होल्ट दाखवले तर तेवढे व्होल्ट वाटेत गळताहेत. मग इंजिनवरचे टोक मागे मागे आणा. आधी चेसीवर, मग केबलच्या लगवर, मग क्लँपवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडला, तिथे दोष. पाइपलाइन कुठे फुटली हे आपण असेच शोधतो. पॉझिटिव्हची वाटही अशीच तपासता येते. एक टोक पॉझिटिव्ह खुंटीला, दुसरे सेल्फच्या जाड बोल्टला.

सेल्फ फिरतो, पण गाडी पेट घेत नाही

हा रोग वेगळा आहे. गाडी पेट्रोलची की डिझेलची ते आधी ठरवा.

जुन्या पेट्रोल गाडीत, म्हणजे ॲम्बॅसडर, पद्मिनी अशा पॉइंटच्या गाड्यांत, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी असते. ॲम्बॅसडर २०१४ साली बनायची थांबली, पण अजून काही ठिकाणी चालते. तिच्यासाठी १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, त्याला दोन तारा जोडा. एक तार अर्थला लावा. चावी ऑन करा आणि दुसरी तार कॉइलच्या चावीकडच्या टोकाला लावा. बल्ब लागला तर कॉइलपर्यंत करंट येतो. नाही लागला तर दोष चावी, फ्युज किंवा तारेत आहे. मग तीच तार कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावा आणि सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघड-बंद होताहेत. सतत लागून राहिला तर पॉइंट जुळत नाहीत, घाण झालेत किंवा जळलेत. अजिबात लागला नाही तर कॉइल आतून तुटली आहे, किंवा पॉइंट उघडतच नाहीत, किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. लुकलुकतो पण ठिणगी नाही, तर टोपीला तडा आहे का, आत ओल आहे का, रोटर जळला आहे का ते पाहा. पावसाळ्यात टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली तरी बऱ्याच गाड्या चालू होतात. पॉइंटमधली फट ॲम्बॅसडरमध्ये ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात.

डिझेल गाडीत ठिणगी नसते. ज्या इंजिनात हीटर प्लग असतात त्यात ते मेले तर थंडीत सकाळी त्रास होतो, उन्हाळ्यात कळतही नाही. प्लगवरची जोडपट्टी काढा, बल्बची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी प्लगच्या टोकाला लावा. बल्ब लागला तर प्लग शाबूत, नाही लागला तर मेला. काही डिझेल पंपांवर चावीने उघडणारा लहान सोलेनॉइड असतो. चावी ऑन करताच तो ‘टक्’ वाजला पाहिजे. वाजत नसेल तर त्याची तार आधी पाहा. ती एक तार सुटली तरी डिझेल पुढे जात नाही, आणि लोक पंप खोलायला धावतात.

रातोरात बॅटरी उतरते

संध्याकाळी चालणारी गाडी सकाळी मेलेली. अशा वेळी सगळे स्विच बंद करा, चावी काढा, दारे लावा. निगेटिव्ह क्लँप काढा आणि खुंटी व क्लँप यांच्यामध्ये तोच बल्ब जोडा. जुन्या गाडीत तो लागायला नको. लागला तर करंट कुठेतरी गळतो आहे. एकेक फ्युज काढत जा. ज्या फ्युजला बल्ब विझला, त्या वाटेवर गळती. ५ वॉटचा एक दिवा विसरून चालू राहिला तर दिवसाला १० अँपिअर-अवर खातो. चाळीसची बॅटरी चार दिवसांत संपते. फ्युज काढूनही बल्ब विझला नाही तर अल्टरनेटरची जाड तार काढून पाहा. डायोड फुटले की तिथून गळते.

हे करू नका

फ्युज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा जाड तार घालू नका. तार जळते, मग गाडी जळते. गाडीत कापूस भरला असेल तर काय होईल ते सांगायला नको.

गाडी चालू असताना बॅटरीचा क्लँप काढून ‘चार्जिंग होते का’ पाहू नका. डायनामोच्या काळात लोक तसे करत. अल्टरनेटरचे डायोड त्याने फुटतात.

बॅटरीजवळ विडी ओढू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने फुटतो. दुसऱ्या बॅटरीवरून चालू करताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा. निगेटिव्ह केबलचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून लांब.

बॅटरीत विहिरीचे पाणी घालू नका, ॲसिडही घालू नका. फक्त डिस्टिल वॉटर, प्लेटा बुडतील इतके. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाहा.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. खाली उभे राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करू नका. गाडी किंवा ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो अंगावर येतो. चाक पुढ्यातल्या माणसाला ओळखत नाही.

शेवटचे

आम्ही मिस्त्रीला चोर म्हणत नाही. त्याच्यापुढे दहा गाड्या उभ्या असतात, आणि वस्तू बदलणे तपासण्यापेक्षा लवकर होते. पण पैसा आपला जातो. म्हणून गाडी त्याच्याकडे नेताना दोन प्रश्न विचारा. ‘हे बिघडले असे कशावरून ठरवले?’ आणि ‘हे कशामुळे बिघडले?’ पहिल्याचे उत्तर नसेल तर वस्तू बदलू नका. दुसऱ्याचे उत्तर नसेल तर तीच वस्तू पुन्हा बदलावी लागेल हे धरून चाला.

आमच्या जीपमध्ये आता एक वही आहे. कोणत्या तारखेला काय झाले, मीटर किती होते, काय केले, ते चौघांपैकी जो गाडी नेतो तो लिहितो. वहीच्या पहिल्या पानावर दोन जळलेल्या केबलचे तुकडे दोऱ्याने बांधून ठेवले आहेत. त्या रात्री जन्मलेले लेकरू आता अंगणवाडीत जाते. त्याला त्याच जीपमधून नेतो.

एक बल्ब, दोन तारा, एक जंपर केबल, १० आणि १३ चा पाना, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा. एवढे सामान सीटखाली ठेवा. बैठक संपल्यावर जीपचे बॉनेट उघडून ठेवतो. आम्ही मुद्दाम एक अर्थचा बोल्ट ढिला करणार आहोत. बल्ब आणि मीटर तिथेच आहे. या आणि शोधून काढा. बायाही या. रात्री एक वाजता गाडीजवळ कोण असेल ते सांगता येत नाही.